झांझिबारमधील फ्रेडी मर्क्युरीच्या बालपणाची पायी सहल : एक अभिप्राय

स्टोन टाउनमधील एका स्थानिक वाटाड्याबरोबर केलेली ही सहल अरुंद गल्ल्यांतून शंगानी भागातील त्या घराशी येते, जिथे 5 सप्टेंबर 1946 रोजी जन्मलेल्या फारुख बलसारा (पुढे ‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी) या पारशी मुलाचे कुटुंब राहत होते आणि जिथे 2019 पासून त्याच्या नावाचे छोटे संग्रहालय आहे. वडील बोमी ब्रिटिश प्रशासनात रोखपाल होते, हे वाटाड्याने नेमकेपणाने सांगितले. छायाचित्रांसमोर पुरेसा वेळ मिळाला, याचे मला विशेष समाधान वाटले.

मात्र पाचगणीचा उल्लेख त्यांनी एका वाक्यात संपवला, आणि ही मला मोठी उणीव वाटते. आठव्या वर्षी घरापासून इतक्या दूर सेंट पीटर्स या निवासी शाळेत आलेला हा मुलगा तिथेच ‘फ्रेडी’ झाला, रेडिओवर ऐकलेली गाणी लगेच पियानोवर वाजवू लागला आणि 1958 मध्ये चार मित्रांसह ‘द हेक्टिक्स’ या वाद्यवृंदात क्लिफ रिचर्ड व लिटल रिचर्ड यांची गाणी वाजवू लागला. त्याच्या संगीताची पायाभरणी सह्याद्रीच्या त्या पठारावर झाली, असे माझे ठाम मत आहे.

1964 च्या क्रांतीनंतर कुटुंबाने बेट सोडून इंग्लंड गाठले, तो भाग वाटाड्याने फार आत्मीयतेने सांगितला. सकाळची वेळ घ्यावी, कारण दुपारी गल्ल्यांत उकाडा असह्य होतो.