चेहऱ्यांच्या कामाला कुठलं सॉफ्टवेअर? सांगलीतल्या एका छोट्या स्टुडिओचा कौल

आधी निकाल सांगून टाकते. पोर्ट्रेटचा छोटा व्यवसाय असेल आणि फोटो सुधारायच्या एकाच सॉफ्टवेअरला पैसे घालायचे असतील, तर लाइटरूम क्लासिक घ्या. पण कातडीच्या रंगासाठी माझा हात अजूनही कॅप्चर वनकडेच जातो. आणि महिन्याचा हप्ता परवडत नसेल, तर डार्कटेबल फुकट आहे म्हणून त्याला कमी समजू नका.

आमच्याकडे येणारं काम ठरलेलं. बायोडेटाचे फोटो, डोहाळजेवण, बारसं, मुंज, लग्न. शिवाय आजी-आजोबांचा एक ‘नीट’ फोटो, जो पुढेमागे भिंतीवर लागणार हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणीच बोलत नाही. या कामात धबधबे, डोंगर, सूर्यास्त नसतात. असते ती फक्त कातडी, आणि तीही एकाच फ्रेममध्ये पाच छटांची. म्हणून सॉफ्टवेअर निवडताना मी प्रीसेट, म्हणजे एका क्लिकवर लागणारे तयार बदल, किती मिळतात ते बघत नाही. चेहऱ्याचा रंग कुठे धरता येतो आणि कुठे सोडता येतो, ते बघते.

नवरीचंच घ्या. पार्लरवाल्या ताईंनी चेहऱ्यावर फाउंडेशन दोन छटा उजळ लावलेलं असतं, मान मूळ रंगाची राहते आणि मेंदीचे हात तिसऱ्याच रंगाचे दिसतात. कॅप्चर वनच्या कलर एडिटरमध्ये स्किन टोन नावाचा वेगळा टॅब आहे. ड्रॉपरने गालावरचा रंग उचलायचा आणि खालच्या युनिफॉर्मिटीच्या तीन पट्ट्या सरकवायच्या. एक पट्टी रंगछटेची, एक गडदपणाची, एक उजेडाची. मान आणि चेहरा हळूहळू एका माणसाचे दिसायला लागतात. पट्टी शेवटपर्यंत ओढलीत तर मात्र चेहरा मेणाचा होतो. गालावरची लाली जाते, ओठही फिके पडतात. म्हणून हे काम नेहमी वेगळ्या लेअरवर, म्हणजे मूळ फोटोवरच्या वेगळ्या थरावर, करायचं आणि ओठ, मेंदी त्यातून पुसून काढायची. लाइटरूममध्येही पॉइंट कलर या नेमका एक रंग धरून बदलायच्या सोयीत अलीकडे व्हेरियन्सची पट्टी आली आहे, ती डावीकडे नेली की साधारण हाच परिणाम मिळतो. तरी कॅप्चर वनची पकड मला जास्त बारीक वाटते.

मग लाइटरूम पहिल्या नंबरावर का? माणसं ओळखणाऱ्या मास्कमुळे. मास्क म्हणजे फोटोच्या ठरावीक भागापुरताच बदल लावायची सोय. २०२२च्या ऑक्टोबरात हे आलं आणि आमच्या रात्री वाचल्या. कुटुंबाचा फोटो उघडला की ते प्रत्येक माणूस वेगळा काढून दाखवतं. मग त्या माणसाची फक्त चेहऱ्याची कातडी, अंगाची कातडी, भुवया, डोळ्यांचा पांढरा भाग, ओठ, दात, केस असं हवं ते निवडायचं. पुढच्या वर्षी कपडेही वेगळे धरता यायला लागले. नऊवारीचा जांभळा रंग हनुवटीखाली उमटला असेल, तर साडीला हात न लावता तेवढीच हनुवटी सुधारता येते. शिवाय हे मास्क दुसऱ्या फोटोंवर चिकटवले की तिथले चेहरे ते नव्याने शोधतं. मुंजीच्या पंक्तीतल्या फोटोंना याची किंमत कळते.

हळदीचा कार्यक्रम ही सगळ्यांची खरी परीक्षा. पिवळा मंडप, पिवळे कपडे, पिवळी माणसं. कुणाच्या पांढऱ्या धोतरावर व्हाइट बॅलन्सचा (पांढरं पांढरं दिसावं म्हणून रंग जुळवण्याचा) ड्रॉपर टेकवलात तर मंडपाची पिवळाई जाते, पण हळदही मातकट दिसते. मी अर्धाच बॅलन्स करते. मग चेहऱ्याच्या कातडीचा मास्क घेऊन सावलीत आलेली हिरवट झाक थोडी मजेंटा देऊन मारते. हळद हळदीसारखी राहते.

‘जरा उजळ करा’ हे वाक्य रोज ऐकू येतं. मी एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, वाढवून देते, रंग बदलून देत नाही. बहुतेकांना तेवढ्यानं समाधान मिळतं, कारण त्यांना गोरेपणापेक्षा उजेड हवा असतो. बायोडेटाला येणाऱ्या मुलींच्या आया मात्र याला अपवाद आहेत.

फोटो निवडण्याच्या कामाला पूर्वी फोटो मेकॅनिक या सॉफ्टवेअरला तोड नव्हती. रॉ फाइलच्या (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलच्या) पोटात कॅमेऱ्याने ठेवलेला तयार जेपेग फोटो ते थेट दाखवतं, म्हणून वाट बघावी लागत नाही. आता लाइटरूम क्लासिकमध्येही इम्पोर्ट करताना ‘एम्बेडेड अँड साइडकार’ प्रीव्ह्यू निवडला की छोट्या स्टुडिओचं भागतं. वृत्तपत्राचं किंवा मोठ्या लग्नांचं काम असेल तरच वेगळे पैसे घाला. मिटलेले डोळे, हललेले फोटो शोधून देणारी यंत्रंही आली आहेत. ती पहिली चाळणी म्हणून ठीक. पण अंतरपाटामागे डोळे खाली घालून उभी असलेली नवरी हा अल्बममधला सगळ्यात चांगला फोटो असतो, आणि मिटलेले डोळे म्हणजे चूक असं शिकलेल्या यंत्राच्या हाती तो देण्याची माझी तयारी नाही.

फोटो ठेवायचे कसे, यात लाइटरूम आणि कॅप्चर वन दोघांचा स्वभाव पार वेगळा. कॅप्चर वनमध्ये सेशन असतं: एका कामाचा एक फोल्डर, त्याच्या आत कॅप्चर, सिलेक्ट्स, आउटपुट, ट्रॅश असे चार. केलेले बदलही त्याच फोल्डरमध्ये राहतात, त्यामुळे तो उचलून दुसऱ्या संगणकावर नेला की सगळं जसंच्या तसं. केबल लावून शूट करताना तर याला पर्याय नाही. समोरच्या मोठ्या पडद्यावर फोटो लगेच दिसतो, मागच्या फोटोचे बदल पुढच्याला आपोआप लागतात, आणि आजोबा स्वतःच ‘टोपी वाकडी आहे की’ म्हणून नीट करतात. लाइटरूमचा कॅटलॉग म्हणजे एक मोठं खातं. ज्यांचं लग्न केलं त्यांच्याच बाळाचं बारसं आपल्याकडे येतं, तेव्हा आडनाव टाकलं की वर्षांमागचे फोटो समोर. एक लक्षात ठेवा, कॅटलॉगचा बॅकअप म्हणजे फोटोंचा बॅकअप नव्हे. त्यात फक्त नोंदी असतात. मूळ फाइली वेगळ्या हार्डडिस्कवर, शक्यतो वेगळ्या घरात.

पैशांचं बोलायचं तर लाइटरूम आता कायमचं विकत मिळत नाही, हप्ताच भरावा लागतो. फोटोग्राफीची योजना घेतली तर त्यात फोटोशॉपही येतं. ग्रुप फोटोत एका मामांचे डोळे मिटले असतील तर दुसऱ्या फोटोतलं डोकं तिथेच बसवावं लागतं, अल्बमची पानंही तिथेच होतात, म्हणून मला हा हप्ता खुपत नाही. हप्ता थांबला तरी फोटो दिसतात, बाहेरही काढता येतात, पण डेव्हलपचं, म्हणजे फोटो सुधारायचं, दालन आणि मॅपचं दालन बंद होतं. कॅप्चर वन एकरकमी मिळतं, पण २०२३पासून त्या पैशांत पुढच्या नव्या सोयी येत नाहीत.

डार्कटेबल शिकायला वेळ घेतं. मॉड्यूल, म्हणजे एकेका कामाची वेगळी हत्यारं, ढीगभर, एकाच कामाला तीन रस्ते, आणि नावं अशी की भौतिकशास्त्राचा तास वाटावा. पण त्याचं रिटच मॉड्यूल फोटोचे बारीक ते जाड असे थर वेगळे करतं. जाड थरावरचे डाग पुसले तरी बारीक थरावरची रंध्रं तशीच राहतात. फोटोशॉपमध्ये फ्रिक्वेन्सी सेपरेशन (पोत आणि रंग वेगळे करून सुधारणं) करणाऱ्यांना हे लगेच उमगेल. चेहरे मात्र ते स्वतः शोधत नाही, मास्क आपणच ठरवायचा.

लाइटरूमचं डीनॉइज, म्हणजे फोटोतले दाणे काढायची सोय, मंगल कार्यालयाच्या अंधारात फार कामाचं. पण बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड नसेल तर एकेका फोटोला कित्येक मिनिटं लागतात. नवा संगणक घेणार असाल तर आधी तो घ्या, सॉफ्टवेअरचं मग बघू.

लाइटरूम आणि कॅप्चर वन दोन्ही चाचणीसाठी मिळतात. चाचणी घेताना त्यांचे नमुन्याचे फोटो उघडू नका. आपल्याच कामातली एक हळद, एक रात्रीचं रिसेप्शन आणि सावळे-गोरे एकत्र उभे असलेला एक कुटुंबाचा फोटो घ्या. तिन्ही फोटो सगळ्यांत करा आणि नेहमीच्या लॅबमधून छापून आणा.