कोबो क्लारा एचडी: स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊन केलेलं परीक्षण

कोबो क्लारा एचडी हा ई-रीडर, म्हणजे ई-पुस्तकं वाचायचं यंत्र, २०१८ साली आला. सहा इंची पडदा, ३०० पीपीआय (इंचाला ३०० ठिपके), ८ जीबी साठवण, मायक्रो यूएसबी चार्जिंग. ब्लूटूथ नाही, आणि पाण्यापासून संरक्षणही नाही. आजच्या बाजारात यातलं काहीच नवलाचं राहिलेलं नाही. तरी घरी उघडून दुरुस्त करायला जुना ई-रीडर घ्यायचा असेल, तर पहिलं नाव याचंच सुचवावं लागतं. कारण त्याची ८ जीबी साठवण म्हणजे आतल्या बोर्डावर खाचेत बसवलेलं साधं मायक्रोएसडी कार्ड आहे. अॅमेझॉनच्या किंडल पेपरव्हाइट ई-रीडरमध्ये हीच साठवण बोर्डावर सोल्डर केलेल्या चिपमध्ये असते. चिप गेली की घरच्या घरी करण्यासारखं फारसं उरत नाही. इथे कार्ड गेलं तर कार्ड बदलायचं.

हे कळलं की बहुतेक जण १२८ जीबीचं कार्ड शोधायला लागतात. त्यांना आधीच सांगितलेलं बरं: नुसत्या कादंबऱ्या वाचणाऱ्याला ८ जीबी आयुष्यभर पुरते, कारण ईपब, म्हणजे ई-पुस्तकाची नेहमीची फाइल, एक-दोन एमबीची असते. जागा खातात त्या स्कॅन केलेल्या पीडीएफ आणि कॉमिक्स. जुन्या मराठी ग्रंथांचे स्कॅन एकेक शंभर एमबीच्या घरात जातात, तिथे ३२ जीबीचा उपयोग होतो. त्याहून मोठं कार्ड भरलं तर रीडरच रडायला लागतो. पुस्तकांची सगळी नोंद एकाच डेटाबेस फाइलमध्ये असते, आणि हजारो पुस्तकं टाकली की यादी उघडायलाही वेळ लागतो. या खाचेचा खरा फायदा वेगळाच आहे. अख्ख्या रीडरची जशीच्या तशी प्रत काढून ठेवता येते. सारखा रीस्टार्ट होणारा, सुरू होताना अडकणारा क्लारा बऱ्याचदा थकलेल्या कार्डाचा बळी असतो.

उघडण्याआधी रीडर पूर्ण बंद करा. पडदा झोपवून चालणार नाही. बटण दाबून धरायचं आणि बंद झाल्याचा संदेश दिसू द्यायचा. बाहेर एकही स्क्रू नाही, मागचं झाकण चहूबाजूंनी प्लास्टिकच्या क्लिपांवर बसलेलं आहे. पॉवरचं बटण आणि यूएसबीचं तोंड खालच्या कडेला असल्याने सुरुवात वरच्या कडेने करावी. गिटारचं पिक किंवा जुनं एटीएम कार्ड फटीत दोन-तीन मिलिमीटर सरकवायचं, थोडं तिरकं करायचं, ‘कट’ असा आवाज आला की पुढे जायचं. धातूचा स्क्रू ड्रायव्हर इथे नको, कडा कुरतडली जाते. पिक खोल घालणं त्याहून वाईट, कारण ई-इंकच्या पडद्याची काच फार पातळ असते आणि एका कोपऱ्यातला दाब तिला पुरतो. पडदा मऊ कापडावर पालथा ठेवा आणि काम करताना त्यावर तळहात टेकवू नका. एखादी क्लिप तुटली तरी झाकण बसतं. तीन तुटल्या तर कडेला फट राहते आणि ती हाताला रोज जाणवते.

कार्ड काढलं की सगळा खेळ संगणकावर. पहिला अपघात इथेच होतो. कार्डावर तीन विभाग असतात: पहिल्यात चालू प्रणाली, दुसऱ्यात ती बिघडली तर परत आणण्यासाठीची प्रत, तिसऱ्यात तुमची पुस्तकं. पहिले दोन लिनक्सच्या पद्धतीचे असल्याने विंडोजला ते वाचता येत नाहीत, आणि ते लगेच ‘डिस्क फॉरमॅट करायची का’ असं विचारतं. सवयीने ‘हो’ दाबलं की संपलं. खिडकी बंद करा आणि दुर्लक्ष करा.

दुसरी चूक म्हणजे फोल्डर उघडून फाइली नव्या कार्डावर ओढून टाकणं. असं कार्ड घातलं की रीडर ढिम्म हलत नाही. कारण पहिल्या विभागाच्याही आधी, कुठल्याच फोल्डरमध्ये न दिसणाऱ्या जागेत, बूटलोडर (यंत्र सुरू करणारा प्रोग्राम), कर्नल (प्रणालीचा गाभा) आणि तुमच्या रीडरचा सीरियल नंबर लिहिलेला असतो. म्हणून नक्कल पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत अख्ख्या कार्डाची हवी. लिनक्सवर त्यासाठी ‘डीडी’ (dd) ही आज्ञा आहे, विंडोजवर ‘विन ३२ डिस्क इमेजर’ हा प्रोग्राम. मात्र डिस्क इमेजरमध्ये ‘फक्त वाटप केलेले विभाग वाचा’ अशा अर्थाची खूण असेल तर ती काढून टाका, म्हणजे पूर्ण कार्ड वाचलं जाईल. डीडी वापरताना कुठली डिस्क कुठल्या नावाने दिसते आहे ते डिस्कांची यादी दाखवणारी ‘एलएसबीएलके’ (lsblk) ही आज्ञा चालवून आकारावरून दोनदा ताडून बघा. ही आज्ञा ‘नक्की ना?’ असं विचारत नाही. लॅपटॉपची डिस्क सांगितली तर लॅपटॉपची डिस्क पुसते. साध्या कार्ड रीडरवर सेकंदाला २० एमबीचा वेग मिळाला तर ८ जीबी वाचायला सहा-सात मिनिटं लागतात. तयार झालेली फाइल दोन ठिकाणी ठेवा. पुढचं काही जमलं नाही तरी चालेल, ही फाइल हाताशी असली म्हणजे निम्मं काम झालं.

नवं कार्ड ३२ जीबीचं, ए-१ दर्जाचं, नामांकित कंपनीचं. ए-१ म्हणजे सेकंदाला किमान १५०० विखुरलेली वाचनं आणि ५०० लेखनं. डेटाबेस चाळणाऱ्या यंत्राला हेच लागतं, कार्डावर मोठ्या अक्षरात छापलेला शंभर एमबीचा वेग इथे कामाचा नाही. ८ जीबीच्या जागी ८ जीबीचंच घेऊ नका. दोन कंपन्यांच्या ‘८ जीबी’त काही एमबींचा फरक असतो, आणि नवं कार्ड तेवढ्याने लहान निघालं तर नक्कल मावत नाही. खोट्या क्षमतेची कार्डं सगळीकडे विकली जातात, म्हणून आधी ‘एच-टू-टेस्ट-डब्ल्यू’ (H2testw) किंवा ‘एफ-थ्री’ (F3) या तपासणीच्या प्रोग्रामने पूर्ण भरून तपासा. ३२ जीबीला वेळ लागतो, लागू द्या.

नक्कल लिहून झाली की कार्ड आधी तसंच रीडरमध्ये घालून सुरू करून बघा, झाकण न लावता. रीडर चालू होईल, पण जागा जुनीच दाखवेल. ते बरोबर आहे. मग रीडर बंद करून कार्ड परत काढायचं आणि ‘जीपार्टेड’ या डिस्कचे विभाग लहान-मोठे करणाऱ्या प्रोग्राममध्ये तिसरा विभाग ताणून शेवटपर्यंत न्यायचा. पहिल्या दोघांना हात लावायचा नाही. ताणताना कुरकुर झाली तर तिसरा विभाग पुसून नवा करता येतो, पण तो फॅट ३२ या फॉरमॅटचाच हवा आणि त्याचं ‘KOBOeReader’ हे मूळ नाव अक्षर न अक्षर तेच ठेवावं. पुसण्याआधी त्यातलं सगळं बाजूला काढा, लपलेल्या फोल्डरांसकट. टिंबाने सुरू होणारं ‘कोबो’ नावाचं फोल्डर राहून गेलं, तर रीडर नवा विकत घेतल्यासारखा पहिल्यापासून भाषा विचारायला लागतो. ६४ जीबीचा हट्ट असलाच तर एक लक्षात ठेवा: विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅट खिडकीत ३२ जीबीच्या वर फॅट ३२ चा पर्यायच दिसत नाही, तिथेही जीपार्टेडच कामी येतं.

बॅटरी १५०० एमएएचची आहे. झाकण उघडून लेबल वाचल्याशिवाय नवी मागवू नका. सुट्या लिथियम पॉलिमर सेलवर सहा आकडे असतात आणि त्यात सगळी मापं लपलेली असतात: ३४६३९२ म्हणजे जाडी ३.४, रुंदी ६३, लांबी ९२ मिलिमीटर. जाडी अर्ध्या मिलिमीटरनेही वाढली तर झाकण दाबून बसवावं लागतं आणि तो दाब थेट पडद्याच्या पाठीवर येतो. तारा दोन की तीन हे मोजा. तिसरी तार तापमान मोजणाऱ्या थर्मिस्टरची असते. ती मोकळी सोडली तर रीडर चार्जिंग नाकारू शकतो. प्लग तंतोतंत बसला तरी लाल-काळी उलटी असू शकते, म्हणून जोडण्याआधी मल्टिमीटर लावा. तारा सोल्डर केलेल्या असतील तर एका वेळी एकच तार सोडवा आणि तिचं टोक लगेच टेपने झाका. कात्रीने दोन्ही तारा एकदम कापल्या की ठिणगी ठरलेली. बॅटरी चिकटवलेली असेल तर कडेने ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन-तीन थेंब सोडून पाच मिनिटं थांबा; हॉट एअर गन लांब ठेवा, शेजारीच पडदा आहे. फुगलेल्या सेलला टोकदार काहीही लावायचं नाही. सोल्डरिंगचा सराव नसेल तर पुण्यात तपकीर गल्लीच्या परिसरात किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे न्या, त्याच्या दृष्टीने हे किरकोळ काम आहे.

मायक्रो यूएसबी काढून टाइप-सी बसवण्याचा मोह मात्र आवरावा. जुन्या तोंडाच्या पाच पिनांमध्ये ०.६५ मिलिमीटरचं अंतर, आणि तोंड ओढून काढताना खालचा तांब्याचा पट्टा उखडला की चार्जिंगही गेलं आणि संगणकाशी जोडणीही. त्यातून स्वस्त टाइप-सी तोंडावर ५.१ किलो-ओहमचे दोन रेझिस्टर नसतात. मग दोन्हीकडे टाइप-सी असलेली केबल लावली की चार्जर वीजच सोडत नाही, आणि माणूस आपलं सोल्डरिंग चुकलं समजून पुन्हा उकरत बसतो. त्यापेक्षा चुंबकी टोकाची मायक्रो यूएसबी केबल बरी, फक्त डेटाही नेणारी बघून घ्या.

फुटलेला पडदा बदलण्याचा हिशेब जमत नाही. पडदा, समोरच्या प्रकाशाचा थर आणि त्यांच्या कागदासारख्या केबली सांभाळत बसण्यापेक्षा दुसरा क्लारा घेऊन पहिला सुट्या भागांसाठी ठेवावा.

मोठ्या कार्डावर मराठी वाचायचं असेल तर ‘कोरीडर’ हा वेगळा वाचनाचा प्रोग्राम टाका. तो अक्षरजुळणीसाठी ‘हार्फबझ’ ही प्रणाली वापरतो, त्यामुळे जोडाक्षरं आणि वेलांट्या जागच्या जागी येतात. फॉन्ट म्हणून आयआयटी मुंबईचा शोभिका किंवा ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा मुक्ता. शोभिकाच्या बारीक रेघाही ३०० पीपीआयवर नीट उमटतात.

सेकंडहँड घेताना विकणाऱ्याकडून दोन प्रकारचे फोटो मागा. एक अंधारात, प्रकाश पूर्ण वाढवून: आधी पांढरा, मग नारिंगी. दुसरा पूर्ण पांढऱ्या पानाचा, जवळून. त्यात कडेपासून निघालेली एक जरी सरळ रेघ दिसली, तरी सौदा सोडा.