कोल्हापुरीच्या मलमासाठी मेण: मधमाशीचं पिवळं घ्यावं की राइस ब्रान?

कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरड्याने कमावलेलं असतं. त्याला तेल लागतंच, पण नुसतं तेल धुळीला धरून ठेवतं आणि पायालाही लागतं. तेच तेल मेणाने घट्ट केलं की बोटाने चोळता येतं आणि जागेवर राहतं. त्यासाठी मधमाशीच्या मेणाची सुटी पिवळी वडी आणि तांदळाच्या कोंड्यापासूनचं राइस ब्रान मेण हे दोन्ही पर्याय इथे तपासले आहेत.

दोन्हींचं काम एकाच तऱ्हेने चालतं. गरम तेलात मेण पूर्ण विरघळतं. थंड होताना त्याचे लांब रेणू एकावर एक रचून पातळ चपट्या स्फटिकांचे पापुद्रे बनवतात, पापुद्रे एकमेकांत अडकतात आणि मधल्या फटींत तेल कोंडलं जातं. डबीत जे घट्ट दिसतं त्यात बहुतांश तेल द्रवच असतं. राइस ब्रान मेण बहुतेक सगळं लांब एस्टरचंच (आम्ल आणि अल्कोहोल जोडून बनलेल्या रेणूंचं) असल्याने एक-दीड टक्क्यातही तेल धरतं. मधमाशीच्या मेणात एस्टर साधारण सत्तर टक्के, बाकी हायड्रोकार्बन आणि सुटी फॅटी आम्लं. त्यामुळे ते जास्त घालावं लागतं, पण थर लवचिक राहतो. चपलेचा अंगठा आणि पट्टा दर पावलाला वाकतात. तिथे राइस ब्रानचा कडक थर तडकतो. आमचं मत सरळ पिवळ्या मेणाच्या बाजूने.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या भुदरगड तालुक्यातल्या पाटगावला मधाचं गाव म्हणतात, म्हणजे मेण जवळच निघतं. तरी वडी तपासूनच घ्या. पॅराफिनची, म्हणजे साध्या मेणबत्तीतल्या खनिज मेणाची, भेसळ सर्रास होते आणि रंगावरून ओळखता येत नाही. सर्जिकल स्पिरिटमध्ये वडीचा आणि साध्या मेणबत्तीचा एकेक तुकडा टाका आणि थोडं थोडं पाणी मिसळत जा. मेणबत्ती तरंगली तरी शुद्ध मेण बराच वेळ तळाशी राहतं, कारण त्याची घनता ०.९६ च्या आसपास असते आणि पॅराफिनची ०.९० च्या. दोन्ही जवळजवळ एकदमच वर आले तर वडी परत करा. तुकड्याला चिकटलेले बुडबुडे आधी झटका, नाहीतर निकाल चुकतो.

प्रमाण: २० ग्रॅम मेण, ८० ग्रॅम तेल. निम्मं एरंडेल, निम्मं गोडेतेल चालतं. खोबरेल टाळा, ते २४ अंशांच्या खाली स्वतःच गोठतं, मग थंडीत डबी दगड होते आणि उन्हाळ्यात पातळ. जवसाचं तेल हवेत सुकून चिकट पापुद्रा धरतं, त्याने माखलेल्या चिंध्या ढिगात तापून पेटूही शकतात. तेही नको.

मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, पण तेवढ्यावर थांबू नका. पातेल्यात पाणी तापवून त्यात भांडं ठेवा, ७५ ते ८० अंशांवर दहा मिनिटं राहू द्या. न वितळलेले बारीक स्फटिक राहिले तर त्यांच्याभोवतीच नवे वाढतात आणि मलम रवाळ होतं. थेट गॅसवर मेण ठेवू नका, आणि पाण्याचा थेंब आत जाऊ देऊ नका.

ओतल्यावर हात लावायचा नाही. गोठायला लागल्यावर ढवळलं की पापुद्र्यांची जाळी तुटते आणि तेल वर पाझरतं. फार सावकाश थंड झालं तर स्फटिक मोठे होतात, म्हणून जाड डब्याऐवजी पसरट डबी घ्या. पाझर आला तर परत ८० अंशांना न्या आणि दोन-तीन ग्रॅम मेण वाढवा.

चामड्यावर पांढरट धूर आल्यासारखा दिसला तर मेण जास्त झालंय. कोमट कापडाने पुसा. आणि ओल्या चपलेला कधीच लावू नका, आतलं पाणी आतच अडकतं.