थेट मेंदूत जाणारं इंजेक्शन

आमच्या आप्पांना पार्किन्सन्स आहे. उजवा हात थरथरतो, चालताना पाय फरपटतात, आणि गिरणीत आयुष्यभर हिशेब लिहिलेल्या माणसाचं टपोरं अक्षर आता मुंगीएवढं झालंय. गोळ्या वेळेवर चालू होत्या. पण पुढच्या गोळीची वेळ होण्याआधीच त्यांचं अंग जखडायचं. अशा घरी ‘अमक्याला गुण आला’ म्हणत कुणी ना कुणी येतंच. दादाच्या ओळखीतले एकजण आले आणि ‘चिनी अ‍ॅक्युपंक्चर’च्या शिबिराचा पत्ता देऊन गेले.

शिबिर एका मंगल कार्यालयात होतं. टेबलामागे डॉ. कोटणीसांचा मोठा फोटो, त्याला हार. आम्ही सोलापूरचे, कोटणीसही सोलापूरचेच, तो फोटो दिसल्यावर दादाने पुढचं काही विचारलंच नाही. खरं तर कोटणीस मुंबईत शिकलेले सर्जन. 1938 साली ते चीनला गेले ते युद्धातल्या जखमींवर उपचार करायला. त्यांचा या धंद्याशी काय संबंध?

तिथला ‘डॉक्टर’ मात्र हुशार होता. सुरुवात त्याने खऱ्यापासून केली. “काका, औषध रक्तात जातं, पण मेंदूच्या दारात भिंत आहे. तिथून ते परत फिरतं.” भिंत आहे हे शंभर टक्के बरोबर आहे. 1885 साली एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने प्राण्यांच्या रक्तात रंग सोडला, तेव्हा सगळे अवयव रंगले आणि मेंदू कोराच राहिला. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की बहुतेक औषधं आत शिरत नाहीत. पार्किन्सन्समध्ये मेंदूत डोपामीन, म्हणजे हालचालींसाठी लागणारं रसायन, कमी पडतं, पण बाहेरून डोपामीन टोचून उपयोग नसतो तो यामुळेच.

खोटं आलं ते याच्या पाठोपाठ. म्हणे टाळूवर ‘बायहुई’ आणि मानेच्या मागे ‘फेंगची’ असे चिनी बिंदू आहेत, तिथे औषध टोचलं की ते भिंत चुकवून थेट मेंदूत जातं. गोळ्या नुसत्या पोटात वाया जातात. पूर्ण कोर्सचं पॅकेज पन्नास हजार, पैसे आधी. आप्पांनी त्या बारीक अक्षरात संमतीपत्रावर सही केली. औषधाचं नाव लिहायची जागा त्यावर कोरीच होती.

मी दादासोबत पुढच्या खेपेला गेले. सिरिंजमधलं औषध गडद लाल होतं. “चिनी फॉर्म्युला,” एवढंच उत्तर मिळालं. तपकिरी काचेच्या कुप्यांवरची लेबलं नखाने खरवडलेली होती, पण ट्रेमधल्या एकीवरचं अर्धं शिल्लक होतं. तिचा फोटो काढून मी कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याला दाखवला. तो हसला. “ताई, हे मेथिलकोबालामिन. बी-ट्वेल्व्ह व्हिटॅमिन. लालच असतं.”

मग आप्पांना पहिल्या आठवड्यात बरं कसं वाटलं? वाटलं, हे खरं आहे. शर्टाचं बटण त्यांनी स्वतः लावलं. त्याचं उत्तर आप्पांच्या न्यूरोलॉजिस्टनी, म्हणजे मेंदूविकारांच्या डॉक्टरांनी दिलं. 2001 साली कॅनडातल्या संशोधकांनी पार्किन्सन्सच्या रुग्णांना नुसतं मिठाचं पाणी टोचलं, तर गुण येईल या आशेनेच त्यांच्या मेंदूत डोपामीन स्रवलं. फसवणाऱ्याला पुढचा हप्ता मागायला एवढं पुरतं.

खरा धोका यापुढे होता. शिबिरातून निरोप आला, ‘आता गोळ्या निम्म्या करा.’ दादाने केल्या. आप्पा खुर्चीतून उठेनात, घास गिळताना ठसका लागायला लागला. न्यूरोलॉजिस्ट दादावर चांगलेच भडकले. ही गोळी एकदम कमी किंवा बंद केली तर जोराचा ताप येऊ शकतो, अंग लाकडासारखं होतं, भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो.

मग त्यांनी कागदावर चित्र काढून गोळी समजावली, आणि मला खरा राग आला तो तेव्हा. गोळीत लेव्होडोपा असतं. प्रथिनांचे घटक मेंदूत जायला एक दार असतं, त्याच दारातून ते आत जातं आणि आत गेल्यावर त्याचं डोपामीन होतं. सोबतचं कार्बिडोपा बाहेरच थांबतं आणि लेव्होडोपाचं वाटेतच डोपामीन होऊ देत नाही. म्हणजे भिंत ओलांडायचा उपाय पन्नास हजारांना विकला जात होता, आणि तो आप्पांच्या डबीत आधीपासून होता! आप्पा गोळी जेवणाबरोबर, वर ग्लासभर दूध पिऊन घ्यायचे. दुधातली प्रथिनं त्याच दारात गर्दी करायची. आता गोळी जेवणाआधी अर्धा तास, नुसत्या पाण्याबरोबर. गोळ्यांच्या मधलं जखडणं बरंच कमी झालंय. फुकटात.

अ‍ॅक्युपंक्चरवर माझा राग नाही. महाराष्ट्रात त्याचा स्वतंत्र कायदा आहे, परिषद आहे. पण अ‍ॅक्युपंक्चरची सुई केसासारखी बारीक आणि भरीव असते, तिच्यातून औषध जाऊच शकत नाही. सिरिंज निघाली की ते इंजेक्शनच. चीनमध्ये या बिंदूंवर बी-ट्वेल्व्हसारखी इंजेक्शनं खरोखर देतात, पण तिथे टोचलेलं औषधही कातडीखाली किंवा स्नायूत, तिथून रक्तात, आणि शेवटी त्याच भिंतीपाशी येतं. भिंत टाळायचीच असेल तर मणक्यातून किंवा शस्त्रक्रिया करून औषध द्यावं लागतं, आणि ते मोठ्या हॉस्पिटलात, मंगल कार्यालयात नव्हे.

पैसे परत मागितले तर ‘पॅकेज नॉन-रिफंडेबल’. पावतीवर नुसतं ‘सेवा शुल्क’. मेंदूचे विकार बरे करतो अशी जाहिरात करायला 1954 च्या कायद्याने बंदी आहे, म्हणून त्यांचं पत्रक, व्हॉट्सॅपवरचे निरोप आणि कुपीचा फोटो जोडून अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार दिली आहे. ग्राहक आयोगात वेगळा अर्ज करतोय. तुमच्याकडे असं शिबिर भरलं तर टोचण्याआधी न फोडलेली कुपी हातात मागा, नाव आणि बॅच नंबर वाचा, फोटो काढा. दिली नाही तर तिथूनच परत फिरा. आणि चालू गोळ्या न्यूरोलॉजिस्टला विचारल्याशिवाय कुणाच्याही सांगण्यावरून कमी करू नका.