येझदी, बुलेट की शोरूमची नवी? तिन्ही वापरून झालेला खानदेशी हिशोब

जुनी मोटरसायकल घ्यायची मनात असेल तर आधी फिटर बघा, गाडी नंतर. उलट्या क्रमाने गेलेले बरेच जण मला माहीत आहेत. त्यात मी पहिला.

आमच्या चोपड्याच्या घरी ओट्यासमोर तीन गाड्या उभ्या असतात. माझी १९८४ ची येझदी रोडकिंग, मोठ्या भावाची १९८१ ची कास्ट आयर्न बुलेट, आणि भाच्याने दोन वर्षांपूर्वी शोरूममधून काढलेली साडेतीनशेची, जुन्या धाटणीची नवी गाडी. चाव्या कोणाच्याही हाताला लागतात, त्यामुळे तिन्हींचं सुखदुःख मला सारखंच ठाऊक आहे. पुण्या-नाशिकला नोकरी करणारी आपली मुलं दिवाळीला गावी आली की येझदीभोवती फिरतात आणि एकच विचारतात, "काका, घेऊ का अशी एखादी?" त्यांच्यासाठी हे लिहितोय.

येझदीपासून सुरू करतो, कारण पैसे तिनेच जास्त खाल्ले.

म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीत साठीच्या दशकाच्या सुरुवातीपासून जावा बनायच्या. सत्तरीत नाव येझदी झालं आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. म्हणजे सर्वांत तरुण येझदीसुद्धा आता तिशीच्या घरात आहे. अडीचशे सीसी, टू-स्ट्रोक (पेट्रोलबरोबर ऑइलही जळतं), एकच सिलिंडर पण सायलेन्सर दोन. गिअरचा दांडा आत दाबून वर फिरवला की तोच किक होतो. नवख्या माणसाला ही गंमत दाखवायची हौस माझी अजून फिटलेली नाही.

मी ती तयार रिस्टोर केलेली घेतली. विकणारा जिल्ह्याबाहेरचा होता. रंग असा की त्यात तोंड दिसावं, टाकीवरचे पट्टे हाताने मारलेले, क्रोम चकचकीत. मी भाळलो. तिसऱ्याच आठवड्यात मागून पांढरा धूर यायला लागला आणि गिअरबॉक्समधलं ऑइल कमी होऊ लागलं. आमच्या मिस्त्रींनी कान लावला, सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवून वास घेतला आणि म्हणाले, "क्रँकचं सील गेलंय. गिअरचं ऑइल इंजिन पितंय." इंजिन उतरवून खोललं तर बेअरिंगही जुनीच निघाली. ज्याने रंगावर इतका खर्च केला त्याने आत पाना लावलाच नव्हता. टाकीच्या आतला गंज तर नुसता वरून झाकलेला. त्या वर्षी माझ्या वहीत गाडीच्या किमतीखेरीज ३८,००० रुपये चढले.

दुसरी चूक माझी स्वतःची. मे महिना, दुपारचे दोन, कन्नडहून चाळीसगावकडे घाट उतरत होतो. पेट्रोल वाचवायचं म्हणून रेस पूर्ण सोडून, गाडी इंजिनावर रोखत चाललो होतो. या गाडीत ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं. रेस बंद म्हणजे पेट्रोल बंद, आणि पेट्रोल बंद म्हणजे ऑइलही बंद. एका वळणावर मागचं चाक किंचाळलं, मी क्लच दाबला म्हणून वाचलो. पिस्टन सीझ झाला होता, म्हणजे तापून सिलिंडरमध्ये अडकला होता. पाऊण तास सावलीत बसून राहिल्यावर किक हलली. घरी आल्यावर रिबोर (सिलिंडर आतून कातून मोठा करणं), पुढच्या मापाचा पिस्टन, नव्या रिंगा. तेव्हापासून उतारावर मधूनमधून क्लच दाबून थोडी रेस देतो.

एवढं होऊनही ती मी विकलेली नाही. रावेर-यावलकडे केळीच्या बागांमधून सकाळी सातला तिचा तो टणटणता आवाज मागे सोडत जायचं, सातपुड्यातल्या पाल गावी चहा घ्यायचा आणि ऊन चढायच्या आत परत यायचं. पंपावर कोणी आजोबा हात फिरवून म्हणतात, "भाऊ, इकानी शे का?" (विकायची आहे का?) आणि उत्तराची वाट न बघता त्यांच्या लग्नातल्या जावाची गोष्ट सुरू करतात. पंधरा मिनिटं जातात. नवी गाडी घेऊन उभं राहिलं की असं कोणी थांबत नाही, हे भाच्यानेच कबूल केलंय.

आता बुलेट. भावाचं म्हणणं असं की तो माझ्यासारखा दर दिवाळीला इंजिन खोलत नाही, आणि ते खरं आहे. ३४६ सीसीचं कास्ट आयर्नचं इंजिन फोर-स्ट्रोक आहे. ऑइल वेगळं असतं, घाटात श्वास कोंडत नाही. मद्रासला १९५५ पासून बनणारी ही गाडी थोड्याफार फरकाने साधारण २०१० पर्यंत त्याच घडणीच्या इंजिनावर चालली. त्यामुळे पार्ट मिळतात, आणि तिला हात लावणारा माणूस धुळे, जळगाव, भुसावळ, अमळनेर, कुठेही सापडतो. येझदीसाठी मला पुण्याहून कुरिअर मागवावं लागतं, तिथे भाऊ तालुक्याच्या दुकानातूनच गास्केट आणतो.

पण बुलेटला स्वभाव आहे. सुरू करायचा विधीच बघा. चावी फिरवायची, किक हळूहळू दाबत ॲमीटरचा (विजेचा प्रवाह दाखवणारा) काटा मध्यावर आणायचा, डीकॉम्प्रेसरची (सिलिंडरमधला दाब सोडणारी) छोटी कळ ओढून पिस्टन जरासा पुढे सरकवायचा, कळ सोडायची, किक वर घ्यायची आणि मग एकच भरभक्कम लाथ. घाई केली की किक उलटी येते. भावाच्या नडगीवर त्याची खूण आहे. शिवाय गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. पहिला गिअर वर, बाकीचे खाली. आजच्या गाडीची सवय असलेला माणूस समोर बैल आला की उजवा पाय दाबतो, आणि ब्रेक लागायच्या जागी वरचा गिअर पडतो. भाच्याचं हे चोपड्याच्या बाजारात झालं. टोमॅटोवाल्याला दोनशे रुपये देऊन विषय मिटला. शहरात नवी गाडी आणि गावी बुलेट असं दोन्ही चालवणार असाल तर या एका गोष्टीचा नीट विचार करा.

राजदूत १७५ आणि यामाहाच्या आरएक्स १०० या दोन जुन्या गाड्यांबद्दल थोडक्यात. राजदूत साधी, सोशिक, दूधवाल्यांची गाडी. आजोबांची घरात पडून असेल तर जरूर दुरुस्त करून उभी करा, मुद्दाम शोधून घेण्यात मला अर्थ वाटत नाही. आरएक्स १०० हलकी, ऑइलची टाकी वेगळी, आणि चालवायला या जुन्यांत सर्वांत मजेची. पण १९९६ नंतर बनली नाही आणि पोरांनी इतकी उचलून धरली की भाव वेडे झालेत. अस्सल म्हणून सांगितलेल्या गाडीत इंजिन एकीचं, चासी दुसरीची, हा प्रकार तिच्यातच जास्त बघितला.

भाच्याच्या नव्या गाडीवर फार लिहिण्यासारखं नाही, आणि तीच तिची खुबी आहे. बटण दाबलं की चालू. डिस्क ब्रेक, जोरात ब्रेक मारला तरी चाक घसरू न देणारं एबीएस, रात्री दिसेल असा दिवा. माझ्या येझदीचा सहा व्होल्टचा दिवा म्हणजे कंदील, यावल रोडला समोरून केळीचा ट्रक आला की मी बाजूला थांबूनच घेतो. धुळ्याहून सुरतेकडे किंवा भुसावळहून नागपूरकडे महामार्गाने लांब जायचं असेल तर नवीच घ्या, वाद घालू नका. जावा आणि येझदी ही नावंही परत आलीत, जावा २०१८ मध्ये आणि येझदी २०२२ मध्ये, पण आत पाण्यावर थंड होणारं फोर-स्ट्रोक इंजिन आहे. जुनीच्या आठवणीने ती घ्यायला जाल तर आवाज ऐकून हिरमुसाल. चांगली गाडी म्हणून घ्यायला जाल तर खुश राहाल.

कागदांचं मात्र सविस्तर सांगतो, कारण लोक तिथेच अडकतात.

पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी नव्याने करावी लागते, त्याचा अर्ज नमुना २५. केंद्राची फी २०२२ पासून १००० रुपये होती, २०२५ पासून वीस वर्षांवरच्या दुचाकीला २००० झाली. राज्याचा पर्यावरण कर वेगळा, विमा वेगळा, उच्च सुरक्षा नंबरप्लेट वेगळी. हे पैसे फार नाहीत. खरी अडचण नावाची. गाडी वारलेल्या आजोबांच्या नावावर असेल तर नमुना ३१ लागतो आणि वारसांच्या संमतीची वेळ येते. घरात तीन काका असतील तर गंजलेल्या राजदूतवरही तिघांचा जीव अचानक जडतो. जुनं आरसी पुस्तक असेल तर ती नोंद ऑनलाइन दिसते का, हे पैसे देण्याआधी बघा. तीन अक्षरी जुना नंबर आपल्या मनाला मोलाचा, पण संगणकात तो नसेल तर आरटीओच्या फेऱ्या तुमच्या.

अजून एक. "व्हिंटेज" हा शब्द विकणारे सर्रास वापरतात. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात असलेली गाडीच त्यात बसते. तिला 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो, नोंदणी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. पण मग ती रोज रस्त्यावर फिरवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच. संध्याकाळी शेवभाजी खायला ढाब्यावर जायचं असेल तर साध्या नोंदणीतच राहा. माझी १९८४ ची येझदी तशीही अजून त्या वयाची नाही.

पेट्रोलचीही एक कटकट. आता पंपावर मिळतं त्यात वीस टक्के इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढतं, जुने रबरी पाइप फुगवतं, आणि हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ करून इंजिन जास्त तापवतं. आमच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात हे चांगलंच जाणवतं. मिस्त्रींनी पाइप बदलले, कार्बोरेटरचा मुख्य जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) एक नंबर मोठा टाकला. पंधरा दिवसांवर उभी राहणार असेल तर मी पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत चालवतो.

मग घ्यावी कोणी? रोज जळगाव एमआयडीसीत कामाला जाणाऱ्याने जुनी एकटी ठेवू नये. घरात दुसरी गाडी असेल, महिन्याला दोन-तीन हजार बाजूला पडत असतील आणि पंचवीस किलोमीटरच्या आत जुना फिटर असेल, तर बुलेट डोळे झाकून. येझदी फक्त त्याने घ्यावी ज्याला पाना हातात धरायची आवड आहे आणि ज्याचा फिटर साठीच्या पुढचा असला तरी हाताखाली पोरगा तयार करतोय. आमच्या मिस्त्रींकडे सध्या असा एक आहे, म्हणून मी निश्चिंत आहे.

आणि बघायला जाल तेव्हा सोबत फिटर न्या, त्याची दिवसाची मजुरी द्या. रंगाकडे नंतर बघा. आधी इंजिनावर हात ठेवा. गरम लागलं तर विकणाऱ्याने तुम्ही यायच्या आधी चालू करून ठेवलंय, म्हणजे गार असताना ती कशी उठते हे त्याला दाखवायचं नाही. तोंडावर काही बोलू नका. चहा मागवा, कापसाचा भाव विचारा, दुसरा चहा मागवा. इंजिन पूर्ण गार झालं की मग म्हणा, "भाऊ, आता मारा किक."