विल्पट्टू आणि मन्नार : सोलापुरातून निघणाऱ्या एका श्रीलंका सहलीविषयी

श्रीलंकेच्या सहली म्हटल्या की आपल्याकडे अशोकवाटिका, कँडी आणि समुद्रकिनारे हाच क्रम ठरलेला असतो. सोलापुरातील एका सहल कंपनीने गेल्या फेब्रुवारीत विल्पट्टू आणि मन्नार हा यादवी युद्धात होरपळलेला वायव्य भाग दौऱ्यात घेतला, याबद्दल तिचे मनापासून कौतुक करायला हवे. चेन्नईपर्यंत रेल्वे आणि पुढे कोलंबोपर्यंत विमान ही व्यवस्थाही चोख होती.

विल्पट्टू हे श्रीलंकेतील सर्वांत मोठे राष्ट्रीय उद्यान. १९८५ मध्ये येथे वन्यजीव खात्याच्या कर्मचाऱ्यांची हत्या झाली आणि पुढे अनेक वर्षे उद्यान बंद राहिले. शस्त्रसंधीनंतर २००३ मध्ये ते उघडले. २००६ मध्ये भूसुरुंगाच्या स्फोटात पर्यटकांचा बळी गेल्याने पुन्हा बंद झाले आणि युद्ध संपल्यावर, २०१० मध्ये, परत खुले झाले. आज दाट झाडीतून जीप एकदम उघड्यावर येते तेव्हा समोर ‘विल्लू’ दिसतो, म्हणजे पांढऱ्या वाळूच्या काठाचा, पावसाच्या पाण्याने भरलेला उथळ तलाव. चितळाचा इशारा ऐकताच आमच्या जीपमधील वनखात्याच्या वाटाड्याने इंजिन बंद करायला लावले आणि थोड्याच वेळात बिबट्या वाळूवर येऊन निवांत बसला. या देशात वाघ-सिंह नसल्यामुळे बिबट्याला कोणाचे भय नसते आणि तो दिवसाढवळ्याही दिसतो.

नाराजी आहे ती मुक्कामाबद्दल. प्रवेशद्वाराजवळच्या गावात घरगुती निवासाची सोय असताना आम्हाला दूरच्या मोठ्या हॉटेलात ठेवले आणि न्याहारीचे डबेही तिथलेच दिले. युद्धाने ज्यांचे सारे हिरावून घेतले, त्यांच्या हाती या पर्यटनातून काही पडणार नसेल, तर त्याला निसर्गपर्यटन म्हणणे मला पटत नाही. आपल्या उजनीच्या पाण्यावर भिगवणचे मच्छीमारच होडीतून रोहित पक्षी दाखवतात आणि त्यामुळे पक्ष्यांचे येणे त्यांच्या घरखर्चाशी जोडले जाते. मन्नारजवळच्या वंकालई अभयारण्यातही रोहित येतात; २०१० पासून ते रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे. तिथे मात्र आम्ही गाडीतून उतरलो, छायाचित्रे काढली आणि निघालो.

याहून गंभीर बाब सुरक्षिततेची. उत्तर प्रांतात सुरुंग काढण्याचे काम अजून पूर्ण झालेले नाही, तरीही वाटेत थांबल्यावर मंडळी झुडपांत शिरत असताना व्यवस्थापकांनी रुळलेली वाट सोडू नका, एवढेही सांगितले नाही. ही सूचना निघण्यापूर्वी लेखी मिळायलाच हवी.

तरीही ही सहल करावी, असेच मी सुचवेन. नोंदणी करतानाच विल्पट्टूचा मुक्काम गावातील घरी मागून घ्यावा. शाकाहारी मंडळींनी मात्र आगाऊ कळवावे, कारण इडिअप्पमसोबत, म्हणजे तांदळाच्या वाफवलेल्या शेवयांसोबत, येणाऱ्या ओल्या खोबऱ्याच्या ‘सांबोल’ या चटणीमध्ये बहुधा सुक्या माशाचा चुरा घातलेला असतो.