लक्ष्मीनगरातील कादंबरी-वाचनवर्ग : सहा रविवार

चार्ल्स डिकन्स यांची ‘अ टेल ऑफ टू सिटीज’ ही फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातली कादंबरी १८५९ मध्ये एका साप्ताहिकातून ३१ हप्त्यांत प्रसिद्ध झाली होती. बी. ए.ला असताना मी ती गाइडमधील स्वभावचित्रे पाठ करून वाचली होती. ती नीट वाचावी म्हणून यंदा मे महिन्यात लक्ष्मीनगरातील एका निवृत्त प्राध्यापिकेच्या घरगुती वर्गाला नाव घातले. नागपूरचे ऊन तापायच्या आत, सकाळी साडेसात ते साडेनऊ वर्ग चाले. शुल्क १,२०० रुपये होते.

मॅडमची पद्धत मला फार मोलाची वाटते. पुनर्जन्म, सूड, त्याग ही आशयसूत्रे त्या आधी सांगत नाहीत. प्रत्येक पात्राचे हात काय करत आहेत, ते आम्हाला शोधायला लावतात. अठरा वर्षे बास्तीयच्या तुरुंगात काढलेले डॉक्टर मॅनेट सुटकेनंतरही अंधाऱ्या माळ्यावर बाकड्याशी वाकून जोडे शिवत असतात, आणि लेकीच्या लग्नानंतर, जावई आपल्याला तुरुंगात टाकणाऱ्या उमराव घराण्यातला आहे हे मनाला लागताच नऊ दिवस पुन्हा तेच काम धरतात. क्रांतिकारक मादाम दफार्ज विणते, आणि तिच्या टाक्यांत मारायच्या माणसांची यादी असते. मात्र तिच्या बहिणीची त्याच घराण्यातल्या उमराव भावांनी केलेली विटंबना वाचल्यावर तिला नुसती खलनायिका म्हणून मोकळे होता येत नाही. या एका मुद्द्यावर आमचा आख्खा रविवार गेला आणि तो सार्थकी लागला.

उणीव सांगायची तर कादंबरीचा तिसरा भाग घाईत उरकला गेला. मॅनेटनी कोठडीत लिहून धुराड्यात दडवलेला कागदच पुढे त्यांच्या जावयाला मृत्युदंडापर्यंत नेतो. कादंबरीचा कणा असलेल्या या प्रसंगाला जेमतेम वीस मिनिटे मिळाली. मॅनेटची लेक ल्यूसी इतकी निर्दोष का रंगवली आहे, हा माझा प्रश्नही अनुत्तरितच राहिला. वाटलेल्या झेरॉक्स प्रतींचा टाइप बारीक होता. आणखी दोन रविवार वाढवले, तर मी जास्त शुल्क आनंदाने देईन.

शेवटच्या दिवशी मॅडमनी मॅनेटच्या जावयाच्या जागी स्वतः गिलोटिनकडे, म्हणजे शिरच्छेदाच्या यंत्राकडे निघालेला सिडनी कार्टन वाचून दाखवला. सोबतची गरीब शिवणकाम करणारी मुलगी त्याचा हात धरू देण्याची विनंती करते, आणि कामाने व उपासमारीने झिजलेली तिची बोटे तो हातात घट्ट धरतो. तेवढे वाचून त्यांनी पुस्तक मिटले. बराच वेळ खोलीत फक्त कूलरचा आवाज होता.